तबकडीवर नसलेलें नांव

आपल्याकडील मैफलींत गवयाच्या मागें बसणारांचीं नांवें श्रोत्यांस ठाऊक असतात. गंधर्व नाटक मंडळीच्या भरभराटीच्या काळांत बालगंधर्वांचें पद ऐकावयास जमलेला प्रेक्षक अहमदजान थिरकवांचा तबला व कादरबक्षांची सारंगी हींही ऐकावयास आलेला असे, आणि दुसऱ्या दिवशीं ओटीवर चर्चा निघे ती तिघांचीही निघे. गवयानें मधून थांबून सारंगीवाल्यास एखादी जागा घेऊं द्यावी, ती साधली कीं मान डोलवून दाद द्यावी, हा आपल्या बैठकीचा शिष्टाचारच आहे. साथीदाराची बिदागी आपल्याकडे नेहमींच न्याय्य असते असें मात्र नव्हे. पण निदान तो डोळ्यांसमोर बसलेला असतो. ध्वनिमुद्रिकेनें हा प्रकार पालटला. तबकडींत माणूस दिसत नाहीं. तिच्यावर जेवढें छापावें तेवढेंच जगास कळतें, आणि जें छापलें नाहीं तें झालेंच नाहीं असें कालांतरानें होऊन बसतें.

या सदरांत आम्ही बहुधा गाणारांविषयींच लिहितों. या वेळीं एका वाजविणाराविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. त्यांचें नांव रॉबर्ट व्हाइट. वाद्य गिटार, गांव अमेरिकेंतील डेट्रॉइट, आणि कामाचा काळ मुख्यतः १९६० ते १९७२. त्यांनीं वाजविलेले सहा स्वर जगांतील असंख्य लोकांस तोंडपाठ आहेत. त्या सहा स्वरांचा धनी कोण, हें मात्र त्या लोकांपैकीं फार थोड्यांस सांगतां येईल.

ज्या संगीताला ‘सोल’ म्हणतात त्याविषयीं प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाच्या प्रार्थनामंदिरांत जें आर्त, टाळ्यांच्या ठेक्यावर चढत जाणारें भजन चालतें, त्याचा स्वर व आवेश घेऊन तो लौकिक प्रेमगीतास जोडला म्हणजे जें होतें तें हें संगीत. एखाद्या कीर्तनकारानें अभंगाची रंगलेली चाल उचलून तिच्यावर नाटकांतलें शृंगारपद बसवावें, तसेंच कांहींसें. रे चार्ल्स या अंध गायकानें १९५४ मध्यें एका भजनाच्या चालीवर प्रेमाचें गाणें रचून मुद्रित केलें, तेव्हां सोवळ्या मंडळींनीं नाकें मुरडलीं. पण पुढील दहा वर्षांत हाच मार्ग राजमार्ग झाला.

डेट्रॉइट हें मोटारींच्या कारखान्यांचें शहर. तेथील बेरी गॉर्डी नांवाचा तरुण कांहीं काळ मोटारीच्या कारखान्यांत जोडणीच्या फिरत्या पट्ट्यावर काम करी आणि फावल्या वेळांत गाणीं रची. १९५९ मध्यें त्यानें आपल्या कुटुंबाच्या सामाईक बचतींतून ८०० डॉलर कर्ज काढून ध्वनिमुद्रिकांचा धंदा सुरू केला. (एकत्र कुटुंबाच्या पेटींतून काढलेलें कर्ज असें फळास आल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांच्याही आढळांत असतील, बुडाल्याचीं अधिक असतील.) वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील २६४८ क्रमांकाचें एक साधें दुमजली घर त्यानें घेतलें. मागील बाजूस पूर्वीच्या मालकाचें छायाचित्रणाचें दालन होतें, तेंच ध्वनिमुद्रणाचें दालन झालें. आवाजास घुमारा यावा म्हणून माळ्याच्या पोकळीचा उपयोग करीत. या कंपनीचें नांव मोटाऊन. म्हणजे ‘मोटर’ आणि ‘टाऊन’ यांचा संधि.

गॉर्डीनें कारखान्याची पद्धत जशीच्या तशी गाण्यास लाविली. एकानें रचावें, दुसऱ्यानें बसवावें, तिसऱ्यानें गावें, आणि तयार झालेला माल बाहेर पाठविण्यापूर्वीं शुक्रवारच्या बैठकींत तपासून नापसंत असल्यास परत करावा. दालन रात्रंदिवस चालू असे. रचनाकार बदलत, गायक बदलत. न बदलणारी एकच गोष्ट म्हणजे तळघरासारख्या त्या दालनांत बसणारा वादकांचा मेळा. हे वादक स्वतःस ‘फंक ब्रदर्स’ म्हणवीत आणि त्या दालनास ‘सापाचें बीळ’ म्हणत. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, बेस गिटारवर जेम्स जेमर्सन, ड्रमवर बेनी बेंजामिन. बहुतेक सारे रात्रीं शहरांतील क्लबांतून जॅझ वाजविणारे, म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर रागदारींत मुरलेले लोक. दिवसा त्यांनीं तीन मिनिटांचीं गाणीं वाजवावयाचीं. पुष्कळदां गाणाराचा आवाज मागाहून मुद्रित होई, त्यामुळें आपण कोणाच्या गाण्याची साथ करीत आहों हेंही त्यांस वाजवितांना ठाऊक नसे. ज्यास आपल्याकडे साथ म्हणतात ती समोरच्या गवयाकडे पाहून केली जाते; येथें साथ आधीं, गवई नंतर!

या मेळ्यांत गिटार वाजविणारे तिघे होते: जो मेसिना, एडी विलिस आणि आपले रॉबर्ट व्हाइट. मेसिना इटालियन वंशाचे गोरे, विलिस व व्हाइट कृष्णवर्णीय. मेसिना मध्यें बसत, त्यावरून दोन काळ्या बिस्किटांमधील पांढरी साय असा विनोद त्यांच्यांतच रूढ झाला होता. अमेरिकेंत वर्णद्वेषाचे वणवे पेटलेले असतां हे तिघे मांडीला मांडी लावून बसत, हें विनोदाहून थोडें अधिक आहे. तिघांचीं वाद्यें एकाच पेटीमार्गें सरळ मुद्रणयंत्रास जोडलेलीं असत. कोणाचाही स्वतंत्र ध्वनिवर्धक नसे. एकाच लहान खोलींत तीन गिटारी एकदम वाजूं लागल्या म्हणजे गोंधळ व्हावयाचा, पण तिघांनीं न बोलतां आपापला प्रांत वांटून घेतला होता. मेसिना वरच्या पट्टींत, ड्रमच्या दुसऱ्या व चौथ्या ठोक्याबरोबर तुटक आघात करीत. तो इतका अचूक कीं ड्रमचा व तारेचा आवाज वेगळा काढतां येऊं नये. विलिस मोकळ्या जागा हेरून त्यांत छोटे खटके भरीत. आणि व्हाइट या दोघांच्या खालीं भरदार, उबदार स्वरांची बैठक घालीत. त्यांची गिब्सन बनावटीची पोकळ अंगाची मोठी गिटार होती, आणि नखी न वापरतां आंगठ्यानें तार छेडण्याची त्यांस संवय होती. आंगठ्याच्या मांसल भागाखालून निघालेला स्वर कसा गोल होतो हें सतारीच्या नखीचा व तंबोऱ्याच्या बोटाचा भेद ज्यांस ठाऊक आहे त्यांस समजावून सांगावयास नको.

व्हाइट यांचा जन्म १९३६ मधला, पेनसिल्व्हेनिया संस्थानांतला. मूनग्लोज या गायकसंघाबरोबर वादक म्हणून हिंडत असतां ते डेट्रॉइटला आले आणि मोटाऊनच्या आरंभकाळांतच त्या घरांत दाखल झाले.

आतां त्या सहा स्वरांकडे वळूं. १९६४ मध्यें स्मोकी रॉबिन्सन व रोनाल्ड व्हाइट (आडनांव एक, नातें कांहीं नाहीं) या दोघांनीं टेम्प्टेशन्स या पांच गायकांच्या संघासाठीं ‘माय गर्ल’ हें गाणें रचलें. डेव्हिड रफिन यांनीं तें मुख्य आवाजांत गाइलें. वर्षाच्या अखेरीस तबकडी निघाली आणि १९६५ च्या मार्चमध्यें ती अमेरिकेच्या खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. गाणें सुरू होतांना आधीं जेमर्सन यांच्या बेसचे मोजके, हृदयाच्या ठोक्यासारखे स्वर येतात. नंतर त्यांच्यावर एक गिटार सावकाश पायऱ्या चढूं लागते. पायऱ्या सहा: सा, रे, ग, प, ध, सां.

वाचकांपैकीं ज्यांनीं पेटीवर पहिला धडा गिरविला असेल त्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं हा तर आपल्या भूपाचा आरोह! पण येथें घाईनें अभिमानाची पताका फडकाविण्याचें कारण नाहीं. हे पांच स्वर चीनपासून स्कॉटलंडपर्यंत अनेक देशांच्या लोकगीतांत सांपडतात. ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हेत. शिवाय गाणें पुढें सरकतांच भूप मोडतो. कडव्यांत हार्मनीचा आधार षड्जावरून मध्यमावर जातो, आणि व्हाइट तीच सहा पायऱ्यांची आकृति उचलून मध्यमास षड्ज कल्पून त्याच्यावर मांडतात. म्हणजे भूपांत जो वर्ज्य तोच मध्यम येथें यजमान होतो. पुन्हां मूळ षड्जावर, पुन्हां मध्यमावर, असा झोंका चालू राहतो. एका ठुमरींत पिलूचा गायक मध्यमाला सा करून क्षणभर निराळ्या खोलींत जाऊन येतो, त्या वेळचा आनंद ज्यांनीं घेतला आहे त्यांस हा झोंका परका वाटणार नाहीं. पुढें गाण्याच्या मध्यावर व्हायोलिनांचा समुदाय येतो. पॉल रायझर यांनीं ती रचना केली असून डेट्रॉइटच्या सिंफनी वाद्यवृंदांतील वादकांनीं ती वाजविली आहे. तेथून सबंध गाणें एका स्वरानें वर उचललें जातें. आपल्या भाषेंत, पांढरी एकवरून पांढरी दोनवर.

हे सारें असूनही त्या गाण्यांत ऐकणाऱ्यास प्रथम आठवतें तें काय? शब्द नव्हेत, व्हायोलिनें नव्हेत, रफिन यांचा आवाजही नव्हे. तें गिटारीचें चढणें. तें ऐकूं आलें कीं गायकानें तोंड उघडण्यापूर्वींच सभागृह हंसूं लागतें. आणि तरीही त्या तुकड्याबद्दल वादकास मिळालें तें त्या दिवसाचें मेहनतानें. गाण्याच्या मालकीचा कायदा शब्द आणि चाल यांच्या रचनाकारांस मानतो. साथीच्या वादकानें तेथें बसून सुचविलेला, गाण्यास ओळख देणारा तुकडा मालकींत धरीत नाहीं. दर वेळीं गाणें वाजलें कीं रचनाकारांच्या खातीं कांहीं ना कांहीं जमा होतें. व्हाइट यांच्या खातीं जमा होण्यासारखें एकच होतें, नांव. तेंही तबकडीवर नव्हतें.

मोटाऊनच्या तबकड्यांवर व वेष्टनांवर वादकांचीं नांवें छापण्याची चाल नव्हती. १९७१ मध्यें मार्विन गे या गायकानें आपल्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीच्या वेष्टनावर वादकांचीं नांवें छापविलीं, तोंपर्यंत बारा वर्षें लोटलीं होतीं. कंपनीच्या बाजूनें म्हणतां येण्यासारखें कांहीं नाहीं असें नव्हे. त्या काळीं इतर कित्येक कंपन्याही नांवें छापीत नसत. चांगल्या कारागिराचें नांव जाहीर केलें तर प्रतिस्पर्धी त्यास पळवितो, हें भय व्यापारांत खोटें नाहीं. शिवाय गॉर्डीनें या लोकांस नियमित वेतन दिलें. क्लबांतल्या अनिश्चित कमाईवर जगणाऱ्या वादकांस तें मोठेंच होतें, आणि त्यांच्यापैकीं अनेकांनीं तें कृतज्ञतेनें बोलूनही दाखविलें आहे. हे सगळें मान्य करूनही आम्हांस वाटतें कीं वेष्टनावर चार ओळी छापण्यास शाईखेरीज कांहीं लागत नाहीं, आणि जी गोष्ट देण्यास इतकी स्वस्त तीच नाकारली गेली म्हणजे ती विस्मृति न राहतां अन्याय होतो. कारखान्याच्या उपमेंतच दोष आहे. मोटारीचा खिळा कोणी ठोकला यानें खिळा बदलत नाहीं. तार कोणी छेडली यानें स्वर बदलतो.

याचा एक पुरावा कंपनीच्या बाहेरच मिळतो. वेतन घेऊनही हे वादक फावल्या वेळीं, गुपचूप, दुसऱ्या कंपन्यांसाठीं वाजवून येत. १९६७ मध्यें जेमर्सन, व्हाइट, जॉनी ग्रिफिथ व ‘पिस्टल’ ॲलन अशी चौकडी शिकागोस जाऊन जॅकी विल्सन या गायकाच्या ‘हायर अँड हायर’ या गाण्यास साथ करून आली. कंपनी निराळी, गायक निराळा, शहर निराळें. पण तबकडी लावली कीं कोणीही म्हणावें, हें डेट्रॉइटचें आहे. लोकांनीं ज्यास मोटाऊनचा आवाज म्हटलें तो घराच्या भिंतींत नव्हता.

हें कंपनीच्या ध्यानांत आलें होतें कीं नाहीं न कळे. १९७२ मध्यें मोटाऊननें आपला कारभार दोन हजार मैलांवर लॉस एंजेलिसला हलविला. वादकांस आगाऊ सूचना नव्हती. काम करावयास आले तों दारावर काम बंद असल्याची चिठ्ठी लागलेली होती. कांहीं जण मागेंच राहिले. कांहीं जण कंपनीच्या मागोमाग पश्चिमेस गेले, त्यांत व्हाइट होते. पण तेथें नवे वादक होते, नवी पद्धत होती, आणि डेट्रॉइटमधील त्या खोलींत न बोलतां समजणारे सोबती नव्हते. बेसवादनांत ज्यांनीं युग घडविलें ते जेमर्सन १९८३ मध्यें वारले. नांवें न छापल्याचा दुसरा परिणाम याच काळांत दिसूं लागला: कोणतें गाणें कोणीं वाजविलें याविषयीं वाद निघूं लागले, पश्चिम किनाऱ्यावरील वादकही कांहीं गाण्यांवर हक्क सांगूं लागले, आणि जीं नांवें एका ओळींत छापून मिटलीं असतीं त्यांसाठीं संशोधकांस दप्तरें धुंडाळावीं लागलीं.

ॲलन स्लट्स्की हे असेच एक संशोधक, स्वतः गिटार वाजविणारे. १९८९ मध्यें त्यांनीं जेमर्सन यांचें चरित्र व वादन यांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. व्हाइट यांच्याविषयींची जी गोष्ट आज सांगितली जाते ती त्यांच्याकडूनच आलेली. दोघे एका उपाहारगृहांत जेवावयास बसले होते. वाढपी काय हवें तें विचारावयास आला, तोंच छतावरील ध्वनिक्षेपकांतून ‘माय गर्ल’चे ते सहा स्वर उतरले. व्हाइट यांचा चेहरा उजळला. ते वाढप्यास सांगूं लागले कीं, हें जें ऐकूं येतें आहे ना— आणि तेथेंच थांबले. मग त्यांनीं जेवणाचे पदार्थ सांगितले. वाढपी गेल्यावर त्यांनीं स्लट्स्कींस सांगितलें कीं, हें वाजविणारा मीच असें म्हटलें असतें तर या म्हाताऱ्यास वेड लागलें आहे असें त्याला वाटलें असतें.

या गोष्टींत रडण्याओरडण्यासारखें कांहीं नाहीं. कोणी उपाशी नाहीं, कोणास हांकलून दिलेलें नाहीं. एक पोक्त गृहस्थ एका तरुणाशीं सहज एक वाक्य बोलणार होते आणि बोलले नाहींत. पण त्या न बोललेल्या वाक्यामागें पुरावा नव्हता, हें ध्यानांत घ्यावें. तबकडी विकत आणून वाढप्यासमोर धरली असती तरीही तिच्यावर त्यांचें नांव सांपडलें नसतें. आपल्या हातच्या कामाची साक्ष देण्यास स्वतःखेरीज कोणी नाहीं, आणि स्वतःची साक्ष बढाई ठरते, अशा पेंचांत आपल्याकडील कित्येक गृहिणीही आयुष्य काढतात. त्यांस व्हाइट यांची स्थिति आमच्यापेक्षां लवकर समजेल.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजीं, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर, व्हाइट लॉस एंजेलिस येथें वारले. वय ५७. स्लट्स्कींच्या पुस्तकावरून पॉल जस्टमन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’ हा चित्रपट २००२ मध्यें निघाला आणि हयात असलेल्या फंक ब्रदर्सना लोकांनीं प्रथमच तोंडानें ओळखलें. त्यांनीं वाजविलेलीं पहिल्या क्रमांकाचीं गाणीं बीटल्स, एल्व्हिस प्रेस्ली वगैरे सर्वांचीं मिळून होतात त्यांहून अधिक, असा त्या चित्रपटाचा दावा आहे. २००४ मध्यें ग्रॅमी पारितोषिकें देणाऱ्या संस्थेनें त्यांचा गौरव केला. ‘माय गर्ल’ची नोंद अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०१७ सालच्या यादींत घेतली. त्रिकूटांतील विलिस २०१८ मध्यें गेले, मेसिना २०२२ मध्यें. व्हाइट यांच्या वांट्यास यांतील कांहींच आलें नाहीं.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील तें घर १९८५ पासून संग्रहालय म्हणून जपलेलें आहे. डेट्रॉइटच्या आसपास आज पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. मुलाकडे वा मुलीकडे महिना दोन महिने राहावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं तें पाहण्याचें अवश्य ठेवावें. खोली लहान आहे, इतकी कीं आपल्याकडील एखाद्या वाड्याचा सोपाही तिच्याहून ऐसपैस भरेल.

ज्यांस तेथवर जाणें नाहीं त्यांनीं दोन गाणीं एकापाठोपाठ ऐकावीं. पहिलें सुप्रीम्स या गायिकांचें १९६६ मधील ‘यू कीप मी हँगिंग ऑन’. त्यांत आरंभींच एकच स्वर तुटक, घाईनें, पुन्हां पुन्हां वाजतो. आपल्याकडील तारघरें २०१३ मध्यें बंद झालीं, पण त्या यंत्राची कडकट्ट ज्यांच्या कानांत अद्याप असेल त्यांस अशुभ तार आल्याचाच भास होईल. तो हात व्हाइट यांचा. नंतर लागलीच ‘माय गर्ल’ लावावें. तोच हात आतां काय करतो तें ऐकावें. आणि घरांत पेटी असल्यास पांढरी एकवरून ते सहा स्वर संथपणें, एकाला एक न चिकटवितां, दोन वेळां वाजवून पाहावे. आंतल्या खोलींतून एखादें तरुण माणूस गाण्याचें नांव सांगत बाहेर येण्याचा संभव आहे. आल्यास त्यास वाजविणाराचेंही नांव सांगावें.